करतो की करते? : एकट्याने खेळायच्या व्हिडिओ गेममधील लैंगिक कलाची निवड आणि मराठी वाक्य

व्हिडिओ गेम हा साहित्याभ्यासाचा विषय होऊ शकतो की नाही, या वादात प्रस्तुत लेखाला शिरायचे नाही. ज्या खेळात पात्रे आहेत, संवाद आहेत, काळाची मांडणी आहे आणि निवेदनाला एक दृष्टिबिंदू आहे, तो कथनमीमांसेच्या कक्षेत येतो, एवढे गृहीत धरून पुढे जाणे इष्ट. येथे विचार करायचा आहे तो या माध्यमातील एका विशिष्ट मोकळिकीचा. एकट्याने खेळायच्या अनेक भूमिकाप्रधान खेळांत आपल्या पात्राचे नाव, रूप आणि लिंग यांबरोबरच त्या पात्राने कोणावर प्रेम करावे, हेही खेळाडूच ठरवतो. पुरुषाने पुरुषावर, स्त्रीने स्त्रीवर, कोणी दोघांवर, कोणी कोणावरच नाही. या मोकळिकीचे समर्थन बहुधा प्रतिनिधित्वाच्या परिभाषेत केले जाते आणि तिच्यावरची टीका बाजारपेठेच्या परिभाषेत. या दोन्ही परिभाषा इंग्रजीत घडल्या आहेत. हाच प्रश्न मराठी वाक्यात आणून ठेवला, तर त्याचे स्वरूप पालटते असे मला वाटते. तसे वाटण्याचे कारण मात्र ग्रंथालयात सापडले नाही. ते रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एका घरात सापडले.

छत्तीसगढीत पारा म्हणजे वस्ती, मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे स्थिरावत गेली आणि रायपूरच्या जुन्या पाऱ्यांतून त्यांची घरे आजही आहेत. अशा घरांत दोन-तीन भाषा एकाच ओट्यावर नांदतात. वडीलधाऱ्यांशी मराठी, शाळा-कचेरीत हिंदी, भाजीवाली आणि घरकामाची बाई यांच्याशी छत्तीसगढी. (मुक्तिबोध घराण्यातील एक भाऊ, गजानन माधव, हिंदीत आणि दुसरा, शरच्चंद्र, मराठीत लिहिता झाला, याचे नवल महाराष्ट्रात वाटते, छत्तीसगडात कोणाला वाटत नाही.) माझ्या मुक्कामात त्या घरातील पदवीच्या वर्गात शिकणारी मुलगी 'बाल्डर्स गेट ३' हा खेळ खेळत होती. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला हा खेळ संवादांनी गच्च भरलेला आहे. शेजारी बसलेली आजी पडद्यावर काय चालले आहे ते मराठीत सांगण्याचा आग्रह धरीत होती, आणि नात सांगत होती. मुलीने खेळासाठी एक स्त्री-पात्र घडवले होते. तिच्या सोबत्यांत कार्लाख नावाची शिंगे असलेली धिप्पाड योद्धी होती. तिच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातले एक यंत्र बसवलेले आहे आणि त्यामुळे तिचे अंग असे धगधगते की कोणाला तिला हात लावता येत नाही. आजीला ही कार्लाख फार आवडली होती. 'हिला कधी कुणी जवळच घेतलं नाही का गं?' असे ती दोनदा म्हणाली.

यथावकाश संवादाचे पर्याय पडद्यावर आले. त्यांतला एक प्रेमाची कबुली देणारा होता, आणि मुलीने तो निवडला. आजीने विचारले, 'कोण कुणाला काय म्हणालं?' मुलगी क्षणभर थांबली. इतका वेळ ती मराठीत सांगत होती. आता तिने छत्तीसगढीत सांगितले, 'मैं तोला मया करथंव.' आजीने मान डोलावली आणि ती पुढे पाहू लागली.

त्या मुलीविषयी येथे कोणतेही अनुमान करायचे नाही. खेळणारा आपल्या पात्रातून स्वतःलाच मांडत असतो असे मानणे म्हणजे कादंबरीकाराला त्याच्या नायकावरून ओळखण्यासारखे आहे. मला महत्त्वाचा वाटला तो तिने केलेला भाषापालट.

छत्तीसगढी क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. 'ओ ह आइस' म्हटले की तो आला आणि ती आली, दोन्ही झाले. 'मैं तोला मया करथंव' या वाक्यात बोलणारा स्त्री की पुरुष हे कळत नाही आणि ऐकणाराही कोण ते कळत नाही. इंग्रजीतील कबुलीचे वाक्य या बाबतीत छत्तीसगढीसारखे आहे. मराठीचे तसे नाही. 'मी तुझ्यावर प्रेम करते' असे म्हणताच बोलणारी उघड होते. पण मराठीचा संसार एवढ्यावर थांबत नाही. 'मला तू आवडतेस' या वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग झाकलेले राहते आणि जिला उद्देशून बोलायचे ती उघड होते. कारण येथे क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या मागे जाते. आणि 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' या तिसऱ्या रचनेत दोघेही झाकलेले राहतात, कारण तेथे क्रियापद 'प्रेम' या नपुंसकलिंगी नामाशी बांधलेले असते. म्हणजे मराठीने कबुलीची तीन दारे ठेवली आहेत: एक बोलणाऱ्याला दाखवणारे, एक ऐकणाऱ्याला दाखवणारे आणि एक कोणालाच न दाखवणारे. कोल्हापूरकडे मुली सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, तेव्हा पहिल्या दाराचीही चौकट थोडी हलते. संशोधनपर गद्याने तर 'असे दिसते', 'असे वाटते' या रचनांनी बोलणाऱ्याला झाकण्याची सवयच लावून घेतली आहे. आजीसमोर बसलेल्या मुलीला तिसरे दार त्या क्षणी सुचले नाही, किंवा सुचूनही नको वाटले. तिने भाषेचे घरच बदलले.

येथून खेळांच्या रचनेकडे वळता येते. आपल्यासमोरील प्रकाराला समीक्षेत 'प्लेअरसेक्शुअल' असे नाव आहे. म्हणजे सोबती पात्राला स्वतःचा असा लैंगिक कल नाही. खेळाडूचे पात्र स्त्री असो वा पुरुष, ते त्याच्याकडे वळते. मी यास खेळाडूसापेक्ष कल म्हणेन. 'बाल्डर्स गेट ३'मधील सोबती असेच आहेत. २०११ च्या 'ड्रॅगन एज २'मधील चार प्रमुख सोबतीही असेच होते. या रचनेमागे औदार्य आहे, पण काटकसरही आहे. एकदाच लिहिलेले आणि एकदाच ध्वनिमुद्रित केलेले प्रेमाचे वाक्य दोन्ही लिंगांच्या नायकांना पुरते, कारण इंग्रजी क्रियापद त्याला आडवे येत नाही. म्हणजे ज्या समतेचे श्रेय आपण मूल्यभानाला देतो, तिचा काही भाग व्याकरणाने फुकट दिलेला आहे. मी ज्या खेळांविषयी लिहितो आहे त्यांपैकी एकही मराठीत नाही. पण उद्या त्यांतला एखादा मराठीत आणायचा झाला, तर अनुवादकाला सोबत्याचे प्रत्येक 'तू आलास', 'तू आलीस' दोनदा लिहावे लागेल, आणि प्रेमाच्या प्रत्येक वाक्यापाशी तीन दारांपैकी कोणते उघडायचे हे ठरवावे लागेल. म्हणजे इंग्रजीत खेळाडूने केलेली निवड मराठीत वाक्यालाही करावी लागेल. पोलंडमध्ये तयार झालेल्या 'सायबरपंक २०७७' (२०२०) या खेळाचे उदाहरण येथे सूचक आहे. पोलिश भाषेत भूतकाळी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगते. या खेळातील ज्यूडी ही सोबतीण ज्या नायिकेला होकार देते, तिचे शरीरही स्त्रीचे असावे लागते आणि आवाजही. आवाज हा येथे प्रेमाचा निकष आहे. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे म्हणण्यास पुरावा नाही. पण मराठी वाचकाला तो निकष परका वाटणार नाही.

निवडीचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १९९८ च्या 'फॉलआउट २'मध्ये समलिंगी विवाह शक्य होता. मात्र मोडोक गावातील मिरिया किंवा तिचा भाऊ डेविन यांच्याशी खेळाडूच्या पात्राने संग केला, की त्यांचा बाप बंदुकीच्या धाकाने लग्न लावून देतो, मग ते पात्र स्त्री असो वा पुरुष. या माध्यमातील पहिल्या समलिंगी विवाहांपैकी एक असा सक्तीचा निघावा, ही गंमतच. 'द सिम्स' (२०००) या खेळात कोणाचाही कल आधी नोंदलेला नव्हता. पात्रांना जसे वागवावे तशी ती एकमेकांकडे वळत. २०२२ मध्ये 'द सिम्स ४'ने पात्र घडवण्याच्या पडद्यावरच रकाने दिले: हे पात्र कोणाकडे आकर्षित होते, ते अजून शोध घेत आहे काय, आणि शय्यासंगाची इच्छा कोणाशी. प्रणयाचे आकर्षण आणि शरीराची इच्छा यांचे रकाने वेगळे ठेवण्यात समजूतदारपणा आहे. तरीही हा रकाना आणि ब्राह्मणपाऱ्यातील त्या मुलीने निवडलेले वाक्य, या दोहोंना 'निवड' हा एकच शब्द लावणे मला पटत नाही. रकाना हे वर्णन आहे. ते कोणाला उद्देशून नसते, म्हणून त्याला उत्तरही येत नाही. कबुलीचे वाक्य हा उच्चार आहे. त्याला समोर कोणी लागतो, आणि त्या समोरच्याला 'नाही' म्हणता यावे लागते. लैंगिक कल ही रकान्यात भरण्याची वस्तू नसून कोणाला तरी उद्देशून केलेला उच्चार आहे, असे मानले तर या खेळांकडे पाहण्याचा आपला निकषच बदलतो. किती पर्याय दिले यापेक्षा, बोललेले ऐकले गेले काय, हा प्रश्न पुढे येतो.

भूमिका घेऊन प्रेम बोलणे मराठीला नवे नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या, एकनाथांच्या गौळणी, आणि पुढे होनाजी बाळा, राम जोशी, परशराम या शाहिरांच्या लावण्या, या सर्वांत पुरुष कवी स्त्रीच्या क्रियापदांनी बोलतो. गौळणीत तर रचना अशी की, गोपीचे बोलणे संपत आले की कवीची नाममुद्रा येते. स्त्रीचे शब्द आणि त्यांखाली पुरुषाची सही. आजच्या परिभाषेत गोपी हे पात्र, आणि मुद्रा उमटवणारा खेळाडू. छत्तीसगडच्या नाचात पुरुष कलावंत 'परी' होऊन नाचतो आणि जोक्कड तिची खोडी काढतो. आपल्या तमाशातील नाच्याशी त्याचे नाते दूरचे नाही. रायपुरात १९२३ मध्ये जन्मलेल्या हबीब तन्वीरांनी या नाचा कलावंतांना घेऊन आधुनिक रंगभूमी उभी केली, हे सर्वपरिचित आहे. बालगंधर्वांची आठवण येथे होणे अपरिहार्य, म्हणून ती नुसती नोंदवतो.

या परंपरेवर बोट ठेवून 'आमच्याकडे हे सारे होतेच' असे म्हणण्याची एक पद्धत रूढ झाली आहे. ती मला मान्य नाही. परंपरेने लिंगांतर करू दिले, पण ओढीची दिशा बदलू दिली नाही. विरहिणीने पुरुषाच्याच वाटेकडे डोळे लावायचे, गोपीने कृष्णालाच बोलायचे. सहीपर्यंत वाचले तर एका पुरुषाने पुरुषावरील प्रेमाखाली नाव घातलेले दिसते. पण भक्तीच्या संकेताने ती सही वाचण्याची आपल्याला गरजच उरत नाही. भूमिका निवडता येणे आणि ओढ निवडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'मधील (१९७९) बर्वे हा एकेकाळचा दुय्यम स्त्री-नट नलावडेबाई होऊन कारकुनाचा संसार थाटतो, तेव्हा ओढ त्याची की भूमिकेची, हे नाटक आपल्याला सुखासुखी ठरवू देत नाही. परंपरेतील ती फट आळेकरांनी नेमकी पाहिली होती.

विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये (१९८१) ही फट दार होते. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, महाविद्यालयीन नाटकात पुरुषाची भूमिका करते, आणि त्या नाटकातील नायिका नमा हिच्यावर तिचे प्रेम जडते. या योजनेकडे समीक्षेने कथानकाची सोय म्हणून पाहिले आहे. मला ती व्याकरणाची घटना वाटते. पुरुष-भूमिकेने मित्राला पुल्लिंगी क्रियापद दिले. ज्या भाषेत स्त्रीने स्त्रीला कबुली देताना बोलणारी आपोआप उघडी पडते, त्या भाषेत मित्राला प्रथम 'करतो' म्हणायची मुभा रंगभूमीवर मिळाली. 'करते' म्हणण्याची वेळ आली तेव्हा भूमिका उतरवलेली होती आणि समोर नाटक नव्हते. खेळांतील पात्राला आज आपण जे काम देतो, ते मित्राला तालमीच्या खोलीत मिळाले. फरक एवढाच की नमाला स्वतःचे मन होते. ती खेळाडूसापेक्ष नव्हती. मित्राची शोकांतिका समाजाने घडवली हे खरेच. पण नमाच्या स्वतंत्र मनाशिवाय ती प्रेमकथाच झाली नसती.

खेळाडूसापेक्ष पात्राला मराठीत जवळचा नातेवाईक आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी सापडतो. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत पुण्यातील एका कुटुंबाकडे एक तरुण पाहुणा भाड्याने राहायला येतो. त्याला नाव नाही. घरातील तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघेही त्याच्या प्रेमात पडतात, आणि तो दोघांकडेही वळतो. तनयचे निवेदन त्याला 'तू' म्हणून उद्देशलेले आहे. अनुजाचे रोजनिशीच्या रूपात येते. एकाच माणसाची गोष्ट एकदा पुल्लिंगी क्रियापदांनी आणि एकदा स्त्रीलिंगी क्रियापदांनी. पाहुण्याचे स्वतःचे निवेदन नाही. त्याचा कल काय, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. जो त्याच्याकडे पाहतो त्याच्याकडे तो पाहतो. वर्णन तंतोतंत जुळते. पण कादंबरीत वाचकाच्या हाती दोन्ही भाग असतात. तनयच्या ओळी वाचून झाल्यावर आपण अनुजाच्या ओळी वाचतो आणि त्या पाहुण्याच्या मोकळेपणाची किंमत दोन माणसांनी कशी दिली, ते पाहतो. तो जातो, दोघेही मागे उरतात, आणि एकमेकांना त्याविषयी काही सांगू शकत नाहीत.

खेळात हा दुसरा भाग नसतो, किंवा असला तरी दुसऱ्या खेळाडूकडे असतो. 'ड्रॅगन एज २'मधील अँडर्स या सोबत्याचा कार्ल नावाचा एक जुना स्नेही आहे. खेळाडूने पुरुष-नायक घडवला असेल तर अँडर्स त्याला सांगतो की कार्ल आपला प्रियकर होता. स्त्री-नायिका घडवली असेल तर ही गोष्ट तो सांगत नाही. कार्ल मित्र म्हणूनच राहतो. कथनमीमांसेच्या दृष्टीने हे फार गंभीर आहे. येथे खेळाडूने आपला वर्तमानच नव्हे, तर दुसऱ्याचा भूतकाळही निवडला. लेखकांनी असे का केले याची व्यावहारिक कारणे समजू शकतात. तरीही ज्याचा मेलेला प्रियकर समोरच्याच्या सोयीने मित्र होऊ शकतो, त्या माणसाच्या होकाराला काय अर्थ उरतो? कोणीतरी नाही म्हणू शकत असेल तरच त्याच्या हो म्हणण्याला वजन असते. कुंडलकरांच्या पाहुण्याला निदान निघून जाता येत होते.

या दृष्टीने याच मालिकेतील पुढचा खेळ, 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन' (नोव्हेंबर २०१४), वेगळा ठरतो. यात सोबत्यांना आपापला कल आहे. सेरा स्त्रियांवरच प्रेम करते, कॅसँड्रा पुरुषांवरच, जोसेफीन दोघांवरही. डोरियन हा जादूगार पुरुषांवर प्रेम करतो, आणि स्त्री-नायिकेने कितीही जवळीक केली तरी तिला तो मित्रच राहतो. त्याच्या बापाने मुलाचा हा कल रक्ताच्या जादूने बदलण्याचा घाट घातला होता. एका खानावळीत बापलेकांची गाठ पडते तो प्रसंग या माध्यमातील उत्तम लिहिलेल्या प्रसंगांपैकी एक आहे. त्याचे बळ कोठून येते? डोरियनचा कल खेळाडूच्या हातात नाही, यातून. जे बाप बदलू शकला नाही ते खेळाडूलाही बदलता येत नाही. अँडर्सच्या पद्धतीने डोरियन लिहिला असता, तर बापाचे दुष्कृत्य आणि खेळाडूची सोय यांत फरक करणे कठीण झाले असते.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मला बराच काळ दिसला नव्हता. ठाम कलांची पात्रे निर्माण केली की वाटणी विषम होते. 'इन्क्विझिशन'मध्ये पुरुषावर प्रेम करू पाहणाऱ्या स्त्री-नायिकेला वंशाच्या काही अटींसह चार जण उपलब्ध आहेत. स्त्रीवर प्रेम करू पाहणाऱ्या स्त्रीला दोघी, पुरुषावर प्रेम करू पाहणाऱ्या पुरुषाला दोघे. स्त्रीवर प्रेम करू पाहणाऱ्या पुरुषालाही दोघीच, हे खरे. पण त्याला बाकीच्या सगळ्या कादंबऱ्या आणि चित्रपट मोकळे आहेत. ज्याला रोजच्या जगण्यात नकाराची कमतरता नाही, त्याला खेळातही नकाराचे सौंदर्य शिकवणे, ही विद्यापीठीय चैन ठरू शकते. ब्राह्मणपाऱ्यातील त्या खोलीत हे मला उमगले. आजीला न कळता काही बोलता येण्याची जागा त्या मुलीला एका खेळाने दिली होती, आणि तेथे कार्लाखने 'नाही' म्हटले असते तर माझ्या सिद्धांताला बळ मिळाले असते, तिला काय मिळाले असते ते सांगता येत नाही. म्हणून खेळाडूसापेक्ष कल मी त्याज्य मानत नाही. तो अपुरा आहे, एवढेच.

'इन्क्विझिशन'ची आणखी एक गोष्ट भारतीय अभ्यासकांनी विसरू नये. खेळ बाजारात येण्याच्या सुमारास इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने तो भारतातील विक्रीतून मागे घेतला. स्थानिक कायद्यांचा भंग टाळण्यासाठी, एवढेच कारण देण्यात आले. सरकारने बंदी घातलेली नव्हती. अनेकांनी या माघारीचा संबंध भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ शी जोडला. तो तर्कच होता. पण काळाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांतील संमतीपूर्वक समलिंगी संबंध गुन्ह्याबाहेर काढले आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरवला. याच प्रकारची निवड देणारे त्याच कंपनीचे 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' (२००९), 'ड्रॅगन एज २' (२०११) आणि 'मास इफेक्ट ३' (२०१२) हे तीनही खेळ या चार-साडेचार वर्षांच्या खिडकीत आलेले आहेत. 'इन्क्विझिशन' आला तो खिडकी बंद झाल्यावर. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने गुन्हा संपला, तरी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. म्हणजे खेळांत १९९८ पासून शक्य असलेली गोष्ट आपल्याकडे अद्याप कायद्यात नाही. ज्या खेळात डोरियन आपल्या बापाला नकार देतो तोच खेळ आपल्यापर्यंत येताना अडला, याला योगायोग म्हणणे मला जड जाते. पण पुराव्याच्या पुढे जाणेही योग्य नव्हे.

उच्चार ऐकला गेला पाहिजे, असे वर म्हटले. तो ऐकून विसरला गेला तर काय होते, याचे उदाहरण 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'ने दिले. २०१८ च्या या खेळात कॅसँड्रा किंवा अलेक्सिओस यांपैकी एकाला निवडून खेळाडू प्राचीन ग्रीसमध्ये वावरतो, आणि कोणाशी प्रणय करायचा, करायचा की नाही, हे पूर्णपणे त्याच्यावर सोपवलेले होते. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या पूरक भागात मात्र नायक वा नायिका, खेळाडूने आजवर काहीही निवडलेले असो, भिन्नलिंगी जोडीदाराबरोबर स्थिरावते आणि त्यांना मूल होते. वंश पुढे चालला पाहिजे, हा कथेचा युक्तिवाद. खेळाडूंनी तीव्र नाराजी व्यक्त केली, युबिसॉफ्टने क्षमा मागितली आणि पुढे त्या भागात दुरुस्त्याही केल्या. यावर 'एका खेळापायी एवढा आक्रोश कशाला' असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याने कित्येक तास कॅसँड्राला स्त्रियांवरच प्रेम करू दिले, त्याने एक पात्र लिहिले होते. पूरक भागाने ते खोडून वर दुसरे लिहिले. घरच्या मंडळींनी 'आता पुरे झाले, लग्न कर' असे म्हणावे, तसा तो प्रसंग. वंशाचा युक्तिवादही तोच.

एकट्याने खेळायच्या खेळात ऐकणारे दुसरे कोणी नसते, मग हा सारा खटाटोप कोणासाठी, असाही प्रश्न विचारला जातो. कादंबरीही एकट्यानेच वाचली जाते. शिवाय ब्राह्मणपाऱ्यात तो खेळ एकट्याने खेळला जात नव्हता. शेजारी आजी होती, आणि तिला मराठीत सांगायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला विचारले की कालचे वाक्य मराठीत कसे करता येईल. तिला वाटले, मी परीक्षा घेतो आहे. थोडा विचार करून ती म्हणाली, '"माझं तुझ्यावर प्रेम आहे" चालेल ना, काका?' व्याकरणदृष्ट्या चालेल, असे मी सांगितले, आणि त्यात बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही हेही जरा उत्साहाने समजावून दिले. 'पण मग ते कुणीही कुणाला म्हणू शकतं,' ती म्हणाली, आणि पडद्याकडे वळली. कार्लाखचे यंत्र अजून दुरुस्त व्हायचे होते. त्यासाठी नरकातले लोखंड शोधून ते लोहाराकडे न्यावे लागते, मगच तिला स्पर्श करता येतो, असे तिने आजीला मराठीत सांगितले.